सात नंबरची सळई

"सात नंबर दाखवा," गोटीराम म्हणाला, आणि शब्द तोंडातून गेल्यावर त्याला कळलं की आपण काहीतरी भलतंच बोललो.

तुर्भ्याचा भंगारवाला लोखंडाच्या ढिगावर एक पाय ठेवून दात कोरत उभा होता. त्याने काडी बाजूला केली. "सात नंबर? चप्पल घ्यायला आलास काय?" काट्याजवळचे दोघे हमाल खो खो हसले. "तसं नाय शेठ. सळई. गाडीचे पोचे काढायची." "अरे पण सळई म्हंजे केवढी जाड? दोन सूत, तीन सूत, चार सूत? लांब किती? साधी पायजे का स्प्रिंगची? बोल ना राजा, धंद्याचा टाइम आहे." गोटीराम ढिगाकडे वळला. ढिगाऱ्यातून उन्हाने तापलेल्या गंजाचा वास येत होता. मागच्या रस्त्यावरून कांदेबटाट्याचे ट्रक मार्केटकडे चालले होते. आणि त्याला सळईची जाडी माहीत नव्हती. लांबीही माहीत नव्हती. तिचं पोलाद कसलं होतं, तेही त्याने कधी विचारलं नव्हतं.

खाडीवरचा पूल झाला त्या वर्षी तो पुलापलीकडच्या मोटारींच्या कारखान्यात लागला. गेल्या दिवाळीत त्याचं पोचे काढायचं खातं बंद झालं, हिशेब घेऊन माणसं घरी गेली. मधली सगळी वर्षं, रविवार सोडून रोज, त्याने सात नंबर हातात धरली होती. बायकोचा हातही माणूस इतका वेळ धरत नाही. रंग होऊन, पुसूनबिसून तयार झालेली गाडी शेवटच्या दारातून बाहेर पडायच्या आधी कुणाचं तरी कोपर लागायचं, कुणाची ढकलगाडी घासायची, आणि पत्र्याला रुपयाएवढा पोचा पडायचा. एवढ्यासाठी अख्खं दार पुन्हा रंगवायचं म्हणजे दोन दिवस गेले. म्हणून ती गाडी त्यांच्या खात्यात यायची. दाराची काच खाली करायची, काचेच्या फटीतून लांब वाकडी सळई आत सोडायची, आणि जिथे हात पोचत नाही तिथे आतल्या बाजूने पत्र्याला हळूहळू, तिळातिळाने बाहेर आणायचं. रंगाला हात लावायचा नाही. "रंगाला कळतादेखील कामा नये," खात्याचा जुना मिस्त्री देवजीकाका म्हणायचा.

त्या खात्यात भिंतीवर एक हिरवा फळा होता. त्यावर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याखाली पांढऱ्या रंगात त्या त्या सळईची आकृती काढलेली. एकूण एकवीस. सळई काढली की तिच्या जागी पांढरी आकृती उरायची. सुटीच्या भोंग्याआधी देवजीकाका फळ्यासमोर उभा राहून सगळ्या भरल्या का ते पाहायचा, मग दिवा मालवायचा. सळया त्यानेच घडवल्या होत्या, गोटीराम यायच्या कितीतरी आधी. कशातून, ते कुणी विचारलं नाही. पहिल्या दिवशी त्याने या नव्या पोराला फळ्यासमोर उभं केलं आणि सांगितलं, "नंबर पाठ कर. बाकीचं हात पाठ करील." मोठ्या पोच्याला तीन. कडेच्या पोच्याला अकरा. दाराच्या मधोमध, जिथे पत्रा सगळ्यात जास्त रिकामा असतो, तिथे सात. गोटीरामने नंबर पाठ केले आणि हाताने बाकीचं पाठ केलं, इतकं चोख की पुढे डोक्याला त्यात काही कामच उरलं नाही. आता देवजीकाका संगमेश्वराकडे आपल्या गावी जाऊन दोन वर्षांपूर्वी वारला होता, फळ्याचं काय झालं कुणास ठाऊक, आणि भंगारवाला विचारत होता, किती सूत.

"थांबा," गोटीराम म्हणाला. त्याने डोळे मिटले. हमालांपैकी एक म्हणाला, "देव आला अंगात." तो फळ्यासमोर उभा राहिला. खिळा कपाळाच्या रेषेत. हात वर केला की सळईची मूठ तळव्यात यायची, आणि खालचं टोक? खालचं टोक सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीपाशी. नाही, तिसऱ्या. कारण थंडीत स्वेटर घातला की ते लोकरीत अडकायचं, आणि स्वेटर तिथेच उसवला होता, तिसऱ्या गुंडीच्या जरा वर. त्याने डोळे न उघडता एक हात कपाळावर ठेवला, दुसरा छातीखाली. "एवढी," तो म्हणाला. भंगारवाल्याने आता हसणं थांबवलं होतं. हे वेड वेगळं दिसतंय असं त्याला वाटलं असावं. त्याने ढिगातून एक सळई ओढून गोटीरामच्या हातात दिली. "बारीक." दुसरी. "वजन कमी." तिसरी कुठल्या तरी जुन्या ट्रकची होती, चार सुती, काळी, हाताला गार. मूठ तिच्याभोवती मिटली आणि खांद्यापर्यंत काहीतरी ओळखीचं चढत गेलं. कारखान्यातल्या पॉलिशचा गोडसर वास त्याला भर उन्हात आला. "हीच," तो म्हणाला, आणि डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं. ते उन्हाचं आहे असं दाखवत त्याने बाहीने पुसलं.

तशाच पद्धतीने त्याने पाच सळया घेतल्या. एकविसातल्या कोणत्या पाच, यावर त्याचे दोन दिवस गेले. माणसाने नवा धंदा काढताना सगळंच घ्यावंसं वाटतं, पण गावातल्या लोहाराची भट्टी वापरायला दोनच संध्याकाळी मिळणार होत्या. त्याने सात घडवली, मग तीन, अकरा, आणि कोपऱ्यात शिरणाऱ्या दोन लहान. लोहार विचारायचा, "किती वाकवू?" आणि गोटीराम हवेत मनगट वळवून दाखवायचा. टोक घासून गुळगुळीत करायला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. टोकाला नखाएवढाही कंगोरा राहिला तर तो आतून पत्र्याला टोचतो आणि बाहेर रंग तडकतो. बाहेर आलेल्या जागा वरून बसवायला त्याने चिंचेच्या लाकडाची एक खुंटी तासली. काच आणि दार यांच्यात घालायला लाकडी पाचर, तिला जुन्या धोतराची पट्टी. असं सगळं रांगेत मांडून तो पडवीत बसला, तर त्याची बायको सुंदरा भाजीची रिकामी पाटी घेऊन आली आणि उभी राहून बघू लागली. "आवं, घरातला भाजी चिरायचा इला वाकलाय, तो सरल करा पयले. मंग दुनियेच्या गाऱ्या सरल करा." ती आत गेली आणि आतून म्हणाली, "वाशीच्या बाईला मी इचारलंय. रविवारी या बोलली."

ही वाशीची बाई म्हणजे मालतीबाई. सुंदरा त्यांच्या दारावर मेथी-माठ विकायची. शाळेतून निवृत्त झाल्या, मुलगा परदेशी, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी बाई गाडी चालवायला शिकल्या होत्या. नवी निळी मारुती घेऊन दोन महिने झाले नव्हते तोच गॅसवाल्याची सायकल दारावर कलंडली आणि हँडलने पोचा पाडला. गॅरेजवाले म्हणाले, दार रंगवावं लागेल. बाई म्हणाल्या, नव्या गाडीचं एक दार वेगळ्या निळ्याचं मी जन्मभर बघत बसू काय? हे सगळं सुंदराने त्यांच्या दारात बसून ऐकलं होतं आणि तिथल्या तिथे सांगून टाकलं होतं, आमचे घरातले बिनरंगाचे पोचे काढतात. घरी मात्र तिने विळ्याचा टोमणा मारला. गोटीरामला तिचं हे माहीत होतं.

पण रविवार एकच होता. सोमवारी सकाळी त्याला तळोज्याला एका कंपनीच्या गेटवर हजर व्हायचं होतं. सुंदराच्या भावाने, सितारामने, ते जमवून आणलं होतं, पिंपं चढवायचं-उतरवायचं काम, कायमचं. "साडेसहाला हायवेवर बस येते. सोमवारी नाय आलास, तं तुज्या जागेवर दुसरा उभा हाय," सिताराम म्हणाला होता, आणि जाताना पडवीतल्या सळयांकडे पाहून, "भाऊजी, हे काय, मासं भाजायला का?" गोटीराम हसला होता. रविवारी हात चालला तर धंदा. नाही चालला तर सोमवारी बस. इतकं सरळ होतं. सरळ असल्यामुळेच रात्री दोनदा उठून त्याने सळयांची टोकं अंगठ्याने चाचपून पाहिली.

मालतीबाईंचं बैठं घर वाशीच्या जुन्या सेक्टरात होतं. गाडी पुढच्या छपराखाली उभी. त्यांनी खुर्ची बाहेर आणून मांडली आणि परातीत मेथी निवडायला घेतली. "तुम्ही काय करताय ते मला समजेल असं सांगा हं. नाहीतर मी इथे बसून उगाच घाबरत राहीन." गोटीरामला हे आवडलं. त्याने हॉलमधून वायर ओढून ट्यूब एका फळीवर बांधली आणि दारासमोर एका स्टुलावर आडवी ठेवली. "बाई, दाराकडं बघू नका. दारात ट्यूब दिसते का, ती बघा. पांढरी रेघ." "दिसते." "आता ती इथं येते तिथं काय होतं?" बाईंनी मान कलती केली. "अय्या, वाकली. पोटात दुखल्यासारखी." "तोच पोचा. पत्रा बघून पोचा कळत नाय. रेघ बघून कळतो. रेघ सरळ झाली की आपण सरळ." "तुम्ही शाळेत का नाही शिकवलंत हो?" बाई म्हणाल्या, आणि गोटीरामच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

त्याने काच खाली केली, पाचर घातली, फडकं पसरलं आणि सात नंबर आत सोडली. इथपर्यंत सगळं इतकं सुरळीत झालं की तो कुठे आहे हे विसरला. सळईचं वजन मनगटावर टेकलं होतं. टोक आत अंधारात पत्र्यावर सरकत होतं आणि बाहेर, रेघेच्या कडेला, निळ्यावर एक अगदी बारीक थरथर फिरत होती; तीच टोकाची जागा. कडेपासून सुरुवात करायची, मधे नंतर यायचं. त्याने कडेला दाबलं. कारखान्यात या क्षणी पत्रा जरा आडमुठेपणा करायचा. दोनदा नाही म्हणायचा, तिसऱ्यांदा ऐकायचा. हाताला त्या दोन नाही म्हणण्यांची सवय होती, तेवढा जोर हात आधीच धरून होता. पण हा पत्रा नाही म्हणालाच नाही. सळईखाली तो साबणाच्या वडीसारखा गेला. टक्. इतकाच आवाज, मेथीची काडी मोडावी तेवढा. रेघेत एक गाठ उभी राहिली.

बाईंना काही कळलं नाही. त्या मेथी निवडत होत्या. गोटीरामने सळई न हलवता श्वास घेतला. मग त्याने डाव्या हाताने दाराचा पत्रा बाहेरून बोटाने वाजवला, आणि मग त्याला ऐकू आलं. पातळ. कारखान्यातल्या गाड्यांचा पत्रा कोपर लागलं की घट्ट, बसका आवाज द्यायचा, भरल्या रांजणासारखा. हा रिकाम्या डब्यासारखा वाजत होता. त्याने तो आल्या आल्या वाजवून बघायला हवा होता. त्याने कधीच पत्रा वाजवला नव्हता, कारण तिथे एकाच जाडीचा पत्रा होता. तेरा वर्षं. तो डोळे मिटून भंगाराच्या ढिगासमोर उभा राहिला होता, कपाळापासून गुंडीपर्यंत सळई मोजली होती, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं होतं, आणि जी आठवली ती बरोब्बर आठवली होती. त्या गाड्यांसाठी बरोब्बर.

त्याला बापाची आठवण का झाली हे त्याला समजलं नाही. बाप, शिवराम, घणसोलीच्या खाडीकडे मिठागरावर काम करायचा. पावसाळ्यानंतर मिठाच्या वाफ्यातला, कोंडीतला चिखल तुडवून तळ घट्ट करायचा, मग वर पाणी घ्यायचं. आठ-नऊ वर्षांचा गोटीराम त्या चिखलात उतरला आणि आनंदाने उड्या मारायला लागला, आणि जिथे टाच पडली तिथे तिथे खळगे झाले. बाप रागावला नाही. त्याने त्याला काखेत धरून उचललं, बांधावर ठेवलं, आणि म्हणाला, "नाचू नको रं. तुजं वजन हाय, ते पुरं हाय. पाय ठेव नि थांब. चिखल सोता बसतो." मग त्याने आपला पाय ठेवला, थांबला, उचलला, ठेवला, थांबला. बगळ्यासारखा. मुलाला हसू आलं होतं. बापाचे ते पाय, मिठाने चिरलेले, टाचा पांढऱ्या. नंतर त्या कोंड्या बुजल्या, त्यांच्यावर माती पडली, माती टाकणाऱ्या गाड्या बाप बांधावरून बघायचा आणि म्हणायचा, काय भराभरा टाकतात.

गोटीरामने सात नंबर बाहेर काढली. फडक्यावर ठेवली. लहानांपैकी एक घेतली आणि पुढचे तीन तास त्याने पाय ठेवला आणि थांबला. रेघ बघायची, टोक टेकवायचं, दाबायचं नाही, फक्त हाताचं वजन ठेवायचं, थांबायचं. उठलेल्या गाठीवर चिंचेची खुंटी ठेवून वरून बोटाच्या पेराने टिचक्या मारायच्या, मोजून. ऊन छपराच्या कडेवरून सरकत पायरीपर्यंत आलं. बाईंनी मेथी धुऊन ठेवली, चहा आणून दिला, तो गार झाला, त्यांनी पुन्हा गरम करून आणला. सायकलच्या हँडलचा पोचा गेला होता. गाठही बसली होती, जवळजवळ. जवळजवळच, कारण आता तिच्याभोवती एक अगदी उथळ वळं राहिलं होतं आणि मधे मोहरीएवढा उंचवटा. खुंटी आणखी मारावी तर रंग तडकेल. वळं उचलावं तर या लहान सळईचं टोक फार अरुंद, आणखी एक मोहरी उठेल. त्याने ट्यूब खाली ठेवली.

बाई उठून आल्या. चष्मा पुसून घातला, दारावरून तळवा फिरवला, मागे गेल्या, पुढे आल्या. "अहो, झालं की! कुठे होता तेसुद्धा सांगता येणार नाही मला. त्या गॅरेजवाल्याला बोलावून दाखवते आता." त्या खरोखर आनंदल्या होत्या, शाळेतल्या बाईंना कुणाचं गणित सुटल्यावर होतो तसा तो आनंद होता, स्वतःचा नव्हे, त्याचा. गोटीरामने हात पुसले. आता निघावं. एवढंच करायचं होतं. घरी जाऊन सुंदराला सांगता येईल, झालं, बाई खूश. सळया पडवीच्या आढ्याला लटकवता येतील आणि उद्या बस धरता येईल. पुढे कधी पोरंबाळं विचारतील तर सांगता येईल की मी एकदा काढला होता बिनरंगाचा पोचा, नव्या मारुतीचा, वाशीला. आणि ते खोटंही नसेल. जगात या मोहरीची खबर एकालाच होती, आणि तो तळोज्याला पिंपं चढवत असेल.

"बाई," तो म्हणाला, "इथं या जरा. खाली बसा."

"खाली?"

"बसा ना. असं. दाराच्या बाजूनं बघा, समोरून नको. एक डोळा मिटा." त्याने ट्यूब पुन्हा उचलली. बाई गुडघ्यावर हात ठेवून, कुरकुरत, पायरीवर टेकल्या. "नाही हो दिसत काही." "घाई नाय. रेघ धरा. आता मान डावीकडं आणा. सावकाश. अजून." "सरळच आहे. सरळ... सरळ..." मग त्या थांबल्या. गोटीरामला त्यांचा श्वास थांबलेला ऐकू आला. "अगंबाई. हे काय इवलंसं?" "माझ्या हातनं झालंय ते. सायकलनं नाय." बाईंनी मान उजवीकडे नेली, परत आणली. प्रत्येक वेळी त्यांना ते सापडलं. मग त्या ट्यूब नसतानाच समोरून बघू लागल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून गोटीरामला कळलं की आता त्यांना तसंही दिसतंय.

"तुम्ही दाखवलं नसतंत तर मला जन्मात दिसलं नसतं," त्या म्हणाल्या. आवाजात थोडा राग होता.

"हो."

"मग कशाला दाखवलंत?"

"मला दिसत होतं," तो म्हणाला.

बाई पायरीवरून उठल्या नाहीत. "आता काय करायचं? मला रोज गाडीत बसताना तेच दिसणार." गोटीरामने फडक्यावरच्या सळयांकडे पाहिलं. पाचही ओळीने पडल्या होत्या, काळ्या, घासून चकचकीत टोकांच्या, आणि पहिल्यांदाच त्याला त्या नंबराशिवाय दिसल्या. ही चार सूत. ही तीन. ही मधे जास्त वाकलेली. लोखंड. "माझ्याकडं याचं हत्यार नाय बाई," तो म्हणाला. "ही सगळी जाड पत्र्याची हायत. याला दोन सुती सळई पायजे, लांब, आणि तिला चपटं टोक. अंगठा असतो ना, तसं. टोचणार नाय, नुसतं टेकेल. असं हत्यार कुठं टांगलेलं मी बघितलं नाय. पण होईल. सकाळी भंगारात बघतो, लोहाराला गळ घालून करून घेतो. दुपारी येतो."

"उद्या?" बाई म्हणाल्या. "उद्या सोमवार. सुंदरा म्हणत होती, तुम्हाला सकाळी तळोज्याला हजर व्हायचंय."

गोटीराम वायर कोपराभोवती गुंडाळत होता. एक वेढा, दुसरा. ट्यूब विझल्यावर दाराचं निळं साधं निळं झालं होतं आणि त्यात छपराचा पत्रा, बाईंची खुर्ची आणि तो स्वतः, थोडा रुंद झालेला, दिसत होता. घरी गेल्यावर सुंदरा काय म्हणेल हे त्याला शब्दन्‌शब्द ऐकू येत होतं, आणि सिताराम काय म्हणेल तेही.

"दुपारी येतो," तो पुन्हा म्हणाला.

मालतीबाई गुडघ्यावर जोर देऊन उभ्या राहिल्या. "मग तीननंतर या," त्या म्हणाल्या. "दोन ते तीन मी जरा पडते."